कंबरलंडहून पिट्सबर्गला, जुन्या लोहमार्गावरून

पोटोमॅक नदीच्या काठी, अ‍ॅलेगेनी पर्वताच्या ऐन पायथ्याशी वसलेले कंबरलंड हे मेरिलंड राज्यातील गाव एके काळी पश्चिमेकडे जाणाऱ्या साऱ्या वाहतुकीचे नाके होते. १८४२ मध्ये येथे आगगाडी पोचली. १८५० मध्ये वॉशिंग्टनपासून सुमारे १८४ मैल खोदत आणलेला कालवा येऊन ठेपला, आणि पुढचा डोंगर ओलांडण्याइतका पैसा व उमेद न उरल्यामुळे कायमचाच थांबला. त्या कालव्याच्या अखेरच्या टोकापाशी, वेस्टर्न मेरिलंड रेल्वेच्या लाल विटांच्या भारदस्त स्टेशनाला लागून एक वाट सुरू होते. ती डोंगर चढते, दोन राज्यांची हद्द ओलांडते, तीन नद्यांच्या खोऱ्यांतून उतरते आणि दीडशे मैलांवर पिट्सबर्ग शहरात, जेथे दोन नद्यांच्या संगमातून ओहायो नदी जन्म पावते, तेथे विसावते. ‘ग्रेट अ‍ॅलेगेनी पॅसेज’ हे तिचे नाव. मोटारीला तिच्यावर मज्जाव आहे. पायी चालणारा आणि सायकलस्वार यांना ती खुली असून तिकीट, परवाना अथवा पथकर यांपैकी कशाचाही तगादा कोणी लावीत नाही.

मराठी माणसाच्या कानावर पेन्सिल्व्हेनिया हे नाव पहिल्यांदा पडले असेल ते बहुधा आनंदीबाई जोशी यांच्यामुळे. परंतु त्यांचे फिलाडेल्फिया हे राज्याच्या पूर्व टोकाला, आणि आमची वाट पश्चिमेच्या कोळशाच्या व पोलादाच्या मुलखातील. मी तेथे गेलो तो ऑक्टोबरात, मेपलच्या पानांनी डोंगर तांबडेलाल झालेले असताना. निसर्गशोभा पाहावी एवढाच हेतू असता तर मोटारीतूनही भागले असते. मला पाहायची होती ती निराळीच गोष्ट: रेल्वेने टाकून दिलेला एवढा लांब मार्ग गावोगावच्या साध्या माणसांनी हाती घेऊन जिवंत कसा ठेवला, ती.

कंबरलंडपासून कॉनल्सव्हिल गावापर्यंतचा हा लोहमार्ग १९१० ते १९१२ या काळात वेस्टर्न मेरिलंड कंपनीने बांधला. त्याच खोऱ्यांतून बाल्टिमोर अँड ओहायो या बलाढ्य कंपनीची गाडी आधीपासूनच धावत होती. तेव्हा नवा मार्ग हा स्पर्धेच्या ईर्षेने, अफाट खर्च करून, उंच पूल आणि लांब बोगदे यांच्या आधाराने टाकलेला. पुढे दोन्ही कंपन्या एकाच कारभाराखाली आल्या, एका खोऱ्यात दोन मार्ग पोसण्याचे प्रयोजन उरले नाही, आणि १९७५ मध्ये धाकट्या मार्गावरील वाहतूक बंद पडली. रूळ उखडले गेले, स्लीपर विकले गेले, आणि खडीच्या पट्ट्यावर बाभळीसारखी काटेरी झुडपे माजू लागली. अमेरिकेत ही काही एकट्यादुकट्या मार्गाची कहाणी नव्हे. १९१६ च्या सुमारास त्या देशात अडीच लाख मैलांहून अधिक लोहमार्ग होता. मोटार आणि मालमोटार यांचा अंमल सुरू झाल्यावर त्यातला फार मोठा हिस्सा असाच ओस पडला.

येथे कायद्याची एक गुंतागुंत ध्यानात घ्यावी लागते. रेल्वे कंपनीच्या ताब्यातील पट्टा सलग दिसत असला, तरी पुष्कळ ठिकाणी तिच्याकडे जमिनीची मालकी नसे, केवळ वहिवाटीचा हक्क असे; गाडी कायमची बंद झाली की तो हक्क संपुष्टात येऊन जमीन लगतच्या खातेदाराकडे परत जाई. शेकडो तुकडे जोडून सिद्ध केलेला मार्ग अशा रीतीने क्षणात छिन्नविच्छिन्न होई, आणि एकदा तुटलेला तो पुन्हा जोडणे कोणाच्याही आवाक्यात नसे. यावर १९८३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायद्यात तोड काढली: भविष्यात कधी काळी रेल्वेला गरज पडेल म्हणून पट्टा अखंड राखून ठेवावा, आणि तोवर त्यावरून लोकांनी चालावे. लगतच्या जमीनमालकांनी याविरुद्ध दावे लावले. परंतु १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तजवीज घटनेला धरून असल्याचा निर्वाळा दिला. मूर्तिजापूर-यवतमाळच्या ‘शकुंतला’ या बंद पडलेल्या आगगाडीसाठी वऱ्हाडातले लोक वर्षानुवर्षे तळमळत आहेत, ते ठाऊक असल्यामुळे मला या तरतुदीतील दूरदृष्टी विशेष भावली. तेथल्या माणसाला वाट नको आहे, गाडीच हवी आहे, आणि त्याचे मागणे रास्त आहे. पण गाडी येवो वा न येवो, पट्टा हातचा जाऊ न देणे हे दोन्ही पक्षांच्या हिताचेच असते.

कायदा मात्र मागाहून आला, माणसे आधी आली. शिकागोच्या मे थिलगार्ड वॉट्स या निसर्गशिक्षिकेने १९६३ च्या सप्टेंबरात ‘शिकागो ट्रिब्यून’ला पत्र लिहून, शहराच्या पश्चिमेस टाकून दिलेल्या विजेच्या रेल्वेमार्गाची पायवाट करावी असे सुचविले, आणि तेवढ्या पत्रावरून गोळा झालेल्या नागरिकांनी ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ ही वाट उभी केली. विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा हा बत्तीस मैलांचा मार्ग १९६७ मध्ये सायकलींसाठी खुला झाला. अ‍ॅलेगेनीत मुहूर्त लागला तो १९७८ मध्ये, जेव्हा ‘वेस्टर्न पेन्सिल्व्हेनिया कॉन्झर्व्हन्सी’ या खाजगी संस्थेने कॉनल्सव्हिल ते कॉन्फ्लुअन्स हा टप्पा विकत घेतला. त्यातील ओहायोपाइलजवळचे पहिले नऊ मैल १९८६ मध्ये लोकांना मिळाले. पुढे प्रत्येक परगण्यातल्या लोकांनी आपापली मंडळी उभी केली, अशा सात मंडळ्यांनी १९९५ मध्ये ‘अ‍ॅलेगेनी ट्रेल अलायन्स’ हा संघ स्थापिला, आणि लिंडा मॅकेना बॉक्स यांच्या नेतृत्वाखाली त्या संघाने तुकड्याला तुकडा जोडण्याचे काम अव्याहत चालविले. २००६ मध्ये वाट डोंगर ओलांडून कंबरलंडला भिडली. पिट्सबर्गच्या दारातील अखेरची फट बुजायला २०१३ साल उजाडावे लागले. नऊ मैलांचे दीडशे मैल व्हायला सत्तावीस वर्षे लागली, यात मला उशीर दिसत नाही. सात गावांची सात तोंडे एका दिशेला वळविण्यात किती काळ जातो हे ज्याने सार्वजनिक मंडळाची एक तरी वार्षिक सभा पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

कंबरलंड सोडताच चढ लागतो, पण तो पायांना जाणवतो त्यापेक्षा श्वासाला अधिक जाणवतो. वाफेच्या इंजिनाला झेपेल एवढाच उतार राखावा हा लोहमार्गाचा दंडक. त्यामुळे सरासरी सत्तर फूट चालावे तेव्हा एक फूट चढावे, असे हे प्रमाण. आपल्या बोरघाटात हेच प्रमाण सदतीस फुटांना एक फूट असल्याचे स्मरले म्हणजे येथील अभियंत्यांनी केवढी वळणे घेतली असतील याची कल्पना येते. या भागात पर्यटकांसाठी चालविली जाणारी जुन्या धाटणीची आगगाडी वाटेच्या शेजारूनच धावते, आणि ब्रश नावाच्या बोगद्यात तर सायकल व गाडी एकाच कमानीखालून जातात. गाडी येत असेल तर सायकलस्वाराने बाहेर थांबावे, हा सुज्ञ शिरस्ता. फ्रॉस्टबर्गनंतर मेसन-डिक्सन रेषा येते. १७६३ ते १७६७ या वर्षांत दोन इंग्रज मोजणीदारांनी दोन वसाहतींच्या हद्दीचा तंटा मिटविण्याकरिता आखलेली ही रेषा पुढे गुलामगिरी असलेली राज्ये आणि नसलेली राज्ये यांच्यामधली सीमा ठरली. वाटेवर ती दगडात कोरून दाखविली आहे.

त्यानंतर लगेच बिग सॅव्हेज हा ३,२९४ फुटांचा बोगदा. आत दिवे आहेत, तरी दुसऱ्या टोकाचा प्रकाश फार वेळ टिकलीएवढाच राहतो, आणि छतावरून थेंब पडण्याचा आवाज सतत सोबत करतो. डोंगर ठिसूळ आणि पाणथळ. भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठून फुगते व अस्तर फोडते. म्हणून थंडीत दोन्ही तोंडांना भक्कम दारे लावून बोगदा बंदच ठेवतात. बोगद्यापासून थोड्याच अंतरावर पूर्व जलविभाजकाची २,३९२ फुटांची माथ्याची जागा लागते: येथून पूर्वेला पडलेला पाऊस अटलांटिककडे, पश्चिमेला पडलेला मेक्सिकोच्या आखाताकडे.

माथ्यावरून मायर्सडेलच्या दिशेने उतरताना एका खोदाईत पिवळी जाकिटे घातलेली दहा-बारा माणसे वाटेच्या कडेला काम करताना दिसली. दोन्ही बाजूंना थोड्या अंतरावर एकेक जण झेंडा घेऊन उभा होता, येणाऱ्या सायकलस्वारांनी वेग कमी करावा म्हणून. मी उतरलो. बहुतेकांचे केस पांढरे. एक निवृत्त शिक्षिका लांब दांड्याच्या कात्रीने वाटेवर झुकलेल्या फांद्या छाटीत होत्या. एक तरुण जोडपे छाटलेला पाला दोरीने बांधून ओढून नेत होते. आणि पलीकडे, भरावाच्या पोटातून जाणाऱ्या काँक्रीटच्या मोरीच्या तोंडाशी, गुडघाभर बूट घातलेले एक वृद्ध गृहस्थ चार दातांच्या फावड्याने कुजलेल्या पानांचा थर उपसून काढीत होते. तो थर इतका घट्ट बसलेला होता की त्याच्या गोधडीसारख्या घड्याच निघत होत्या. प्रत्येक घडीखालून काळे पाणी थोडेसे पुढे सरके आणि पुन्हा थांबे. शेवटी पहारीचा एक धक्का बसला, आतून गुडगुड असा आवाज आला, आणि साचलेले पाणी एकदम मोरीतून पलीकडच्या ओढ्यात धावले. गृहस्थांनी पहार बाजूला ठेवली, घड्याळ पाहिले, आणि पाण्याचा रंग निवळेपर्यंत तेथेच उभे राहिले.

आयुष्यभर कोळशाच्या खाणीत काम करून ते निवृत्त झाले होते. “मोरी तुंबली की पाणी वाटेवर येतं,” त्यांनी मला समजावले. “वाटेवर चुनखडीची बारीक चुरी पसरलेली आहे, तिच्यातली भुकटी आधी वाहून जाते. मग नुसते खडे उरतात, त्यांवरून सायकल घसरते. आणखी एक पावसाळा गेला की भरावच खचतो. तेव्हा मग सरकारकडे लाखो डॉलर मागायचे. त्यापेक्षा हे बरं.” हेच काम रेल्वेच्या गँगमधले लोक पूर्वी करीत ना, असे मी विचारताच ते हसले: “हो, त्यांना पगार मिळे. आम्हाला पाय मिळतो.” पाय म्हणजे सफरचंदाचा, जेवणाच्या सुट्टीत तो खरोखरच निघाला, आणि परक्या पाहुण्यालाही त्यातला एक तुकडा मिळाला. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव कागदावर नोंदवून सही घेतलेली होती, करवत कोणी चालवायची हे ठरलेले होते, आणि कोणता टप्पा झाला, कोणता राहिला याचे टिपण शिक्षिकाबाईंच्या वहीत होते. आपल्याकडे रविवारी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ काढणाऱ्या, तटावरची झाडे उतरविणाऱ्या मंडळींची मला आठवण झाली. कष्टांत ती तसूभरही कमी नाहीत. पण ही वही मला आपल्या गडांवर क्वचितच दिसली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण श्रमदानाचे वर्णन करताना लेखकाची लेखणी हटकून भावुक होते. बिग सॅव्हेज बोगदा श्रमदानाने दुरुस्त झालेला नाही. कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरचा सॉल्सबरीचा १,९०८ फूट लांब आणि शंभर फूट उंच पूल, ज्यावरून जाताना खाली शेते, मोटाररस्ता आणि चालू रेल्वे असे सारे चित्रासारखे पसरलेले दिसते, तोही फावड्याने वाटेजोगा झालेला नाही. त्यासाठी सरकारी अनुदाने, धर्मादाय निधी आणि कंत्राटदार लागले. स्वयंसेवकांचा खरा पराक्रम त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे. अलीकडे म्हणजे दफ्तरांत: अर्ज, नकाशे, मंजुऱ्या, गावसभांतील हरकती, आपल्या परसामागून परके लोक जाणार या धास्तीने हटून बसलेल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर जाऊन त्याची समजूत घालणे. पलीकडे म्हणजे उद्‌घाटनाची फीत कापून पुढारी घरी गेल्यानंतरच्या प्रत्येक वर्षी: गवत कापणे, वादळात पडलेली झाडे हटविणे, चर मोकळे ठेवणे. सरकारला पूल बांधता येतो. पण ऑक्टोबरातल्या प्रत्येक वाऱ्यानंतर मोरीच्या तोंडाशी उभा राहील असा नोकर कोणतेच सरकार ठेवीत नाही.

मायर्सडेलचे जुने रेल्वेस्टेशन आता स्थानिक इतिहासमंडळाच्या हाती असून तेथे स्वयंसेवकच पाहुण्यांचे स्वागत करतात. गावाजवळ बोलमन पद्धतीचा १८७१ चा ओतीव व घडीव लोखंडाचा पूल आहे. रेल्वेला नकोसा झाल्यावर तो शेतरस्त्याच्या कामी लागला होता. २००७ मध्ये तो उचलून या वाटेवर आणून बसविला. पुढे रॉकवुडच्या खाली पिंकर्टनचा बोगदा ढासळण्याच्या बेतात असल्यामुळे कित्येक वर्षे डोंगराच्या सोंडेला वळसा घालून जावे लागे. २०१५ मध्ये तो दुरुस्त होऊन उघडला. पण मला तो वळसाच अधिक रम्य वाटला.

कॉन्फ्लुअन्सला कॅसलमन आणि यॉकिओगेनी यांचा संगम आहे. १७५४ च्या मे महिन्यात बावीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन येथवर आला होता, फ्रेंचांवर चालून जाण्यासाठी या नदीतून होड्या नेता येतील काय याचा तपास करीत. ओहायोपाइलच्या धबधब्याने त्याला उत्तर दिले. त्या धबधब्याशेजारून वाट दोन पुलांवरून नदी ओलांडते. फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पीने ओढ्याच्या धबधब्यावरच उभारलेले सुप्रसिद्ध घर येथून अगदी जवळ आहे. ते अवश्य पाहावे, पण त्याचे वर्णन इतरांनी पुष्कळ केले असल्यामुळे मी पुढे सरकतो.

कॉनल्सव्हिलपासून देखावा पालटतो. झाडीत दडलेल्या, मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या कोक-भट्ट्यांच्या रांगा दिसू लागतात; पिट्सबर्गच्या पोलादाला लागणारा कोक येथे भाजला जात असे. थोडे खाली व्हॅन मीटर हे ठिकाण आहे. तेथल्या डार खाणीत १९ डिसेंबर १९०७ रोजी झालेल्या स्फोटात २३९ माणसे दगावली. पुष्कळशी युरोपातून नुकतीच पोट भरण्यासाठी आलेली. मृतांची संख्या आणखीही वाढली असती, पण ग्रीक कॅथलिक पंथाचे कामगार त्या दिवशी संत निकोलसच्या सणासाठी देवळात गेले होते. त्याहून खाली, ब्यूना व्हिस्टाजवळ, डोंगरातून वाटेशेजारी झिरपणारे पाणी चक्क नारिंगी आहे. बंद पडलेल्या खाणीतला गंधक आणि लोह यांनी युक्त असा तो स्राव खडकावर गंजाचे पुट चढवीत नदीकडे जातो. लाल धबधबा म्हणून लोक तो कौतुकाने पाहतात, छायाचित्रे काढतात. मला कौतुक वाटले नाही.

मॅकीजपोर्टनंतर गिरण्यांचा मुलूख. होमस्टेडच्या पोलाद-कारखान्यात १८९२ च्या जुलैत संपकरी कामगार आणि मालकांनी भाड्याने आणलेले पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर संस्थेचे सशस्त्र लोक यांच्यात नदीकाठी दिवसभर लढाई झाली होती. ती जागा वाटेवरच आहे. तो कारखाना १९८६ मध्ये बंद पडला, म्हणजे ज्या वर्षी ओहायोपाइलजवळचे पहिले नऊ मैल उघडले त्याच वर्षी. आज कारखान्याच्या जागी दुकाने आणि उपाहारगृहे असून बारा धुराडी तेवढी आठवणीदाखल उभी ठेविली आहेत. या वाटेसाठी राबणाऱ्यांत खाणीतून आणि कारखान्यांतून बाहेर पडलेल्या माणसांची संख्या मोठी का, हे येथे आल्यावर उमगते. पुढची हकीकत वाटेकाठच्या गावांना विचारावी. २०१९ सालाच्या हिशेबाने या वाटेमुळे त्या भागात बारा कोटी डॉलरांहून अधिक उलाढाल झाली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि तो आकडा बाजूला ठेवला तरी, मायर्सडेल-कॉन्फ्लुअन्ससारख्या दोन-दोन हजार वस्तीच्या अथवा त्याहूनही लहान गावांत प्रवाशांना खोल्या देणारी घरे आणि सायकल-दुरुस्तीची दुकाने दिसतात, ती काही कोळशामुळे नव्हेत. एक चिंता मात्र मला लागून राहिली. कामाच्या दिवशी भेटलेल्या मंडळींत ते एकच तरुण जोडपे होते.

जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी थोडी माहिती. कंबरलंड, कॉनल्सव्हिल आणि पिट्सबर्ग या तिन्ही गावी अ‍ॅमट्रॅकची आगगाडी थांबते. चढाचा कंटाळा असेल तर मायर्सडेलहून पश्चिमेकडे निघावे. माथा ओलांडल्यानंतर पिट्सबर्गपर्यंत सव्वाशे मैल उतार आहे, तोही जाणवेल न जाणवेल इतपत. सोबत दिवा आणि पावसाळी अंगरखा असू द्यावा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या आरंभापर्यंत बिग सॅव्हेज बोगदा बंद असतो आणि जवळपास सायकलीला योग्य असा दुसरा रस्ता नाही, हे विसरू नये. आणि वाटेत पिवळ्या जाकिटांची मंडळी दिसली, तर तासभर थांबून हात लावावा. जास्तीचे फावडे त्यांच्या गाडीत असते.